तुळजापूर, जिल्हा लातूर

तुळजापूर लातूर जिल्ह्यात आणलं ते सरकारनं नाही, टेंभुरखेडीच्या दत्तोपंत गुरुजींनी. तुळजापूरच्या मागोमाग तेर आलं, परंडा आलं, नळदुर्गाचा किल्ला आला, आणि हे सगळं एका सकाळी प्रार्थना झाल्यावर लिंबाच्या झाडाखाली उरकलं. आई भवानीला कुणी विचारलं नाही. महानंदाबाईंनाही कुणी विचारलं नाही, पण त्या न विचारता बोलणाऱ्या होत्या.

टेंभुरखेडी अहमदपूरहून लोह्याकडे जाताना लागतं. लागतं म्हणजे काय, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी आणि हेडमास्तरकी दत्तोपंत गुरुजींकडे, तिसरी-चौथी महानंदाबाईंकडे. पण रोज सकाळी प्रार्थनेनंतर सगळी शाळा लिंबाखाली बसायची आणि गुरुजी सगळ्यांकडून ‘म्हणणं’ करून घ्यायचे. आधी पाढे, मग पाव-अर्ध्याची पावकी-निमकी, मग महिने, आणि शेवटी तिसरीच्या भूगोलातला आपला जिल्हा. भूगोल पोरांच्या डोक्यात बसावा म्हणून गुरुजींनी त्याच्या ओळी करून त्यांना स्वतः चाल लावली होती.

‘आपला जिल्हा उस्मानाबाद,
तुळजापूर, तेर, परंडा,
नळदुर्गाचा किल्ला मोठा,
औसा, उदगीर, निलंगा.’

पुढे नद्या होत्या, डोंगर होते, पिकं होती. चाल इतकी सोपी की गावातल्या बाया दळताना ती म्हणायच्या. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांनाही आपला जिल्हा पाठ होता. गुरुजींना त्याचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो असायला हरकतही नव्हती.

मग ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. अहमदपूर तालुका लातुरात गेला. बाईंचे यजमान वीरण्णा यांचं अहमदपुरात कापडाचं दुकान होतं. त्यांनी त्या दिवशी आल्यागेल्याला पेढा दिला. आता कचेरीच्या कामाला उस्मानाबादला हेलपाटा नको, म्हणून सगळे खूश होते. शाळेत मात्र जिल्ह्याचं पुस्तक जुनंच राहिलं. नवं येणार, येणार म्हणत दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी टेंभुरखेडीपर्यंत काही ते पोचलं नाही. परीक्षा तर जवळ येत चाललेली. तेव्हा गुरुजींनी वाट बघणं सोडलं आणि एका सकाळी पोरांना पहिली ओळ बदलून दिली. ‘आपला जिल्हा लातूर हो लातूर.’ ते ‘हो’ मात्रा भरायला घातलेलं. बाकीच्या ओळी जशाच्या तशा.

महानंदाबाई नुकत्याच फाट्यावरून चालत आल्या होत्या. पदरानं तोंड पुसता पुसता त्यांनी ते ऐकलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“गुरुजी, तुळजापूर लातूर जिल्ह्यात कधी आलं?”

“नाही आलं,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “मला ठाऊक नाही का बाई? तुळजापूर तिथंच राहिलंय.”

“मग पोरं काय म्हणून राहिलीत?”

“अहो, पोरांच्या तोंडात चाल बसली आहे. त्यातून तुळजापूर काढलं की ओळ मोडते. ओळ मोडली की पोरगं अडखळतं, आणि परीक्षेच्या साहेबापुढं अडखळलं की संपलं. नवं पुस्तक येऊ द्या, मग बघू.”

“तोवर चुकीचं शिकवायचं?”

“तोवर म्हणायचं. शिकवायचं काय आहे त्यात?”

बाई वर्गात गेल्या आणि खडू इतक्या जोरात आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. तिसरी-चौथीच्या पोरांना ते ओळखीचं होतं. बाईंचा राग खडूवर निघतो, पोरांवर निघत नाही, हे गावभर माहीत होतं.

बाई मूळच्या उदगीरच्या. वडील शंकरप्पा यांचं किराणा दुकान होतं. पोरगी दुकानात येऊन बसली की अप्पा तिला कामाला लावायचे. पावशेर म्हणजे काय, अच्छेर म्हणजे काय, हे त्यांनी तिला कधी पाठ करायला लावलं नाही. वजन हातात द्यायचे आणि म्हणायचे, धर, बघ, आता सांग कोणतं जड. शाळेत मात्र तीच पोरगी पावकी म्हणताना अडली की हातावर छडी बसायची. घरी हुशार आणि शाळेत ढ, असं दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं आयुष्य तिनं काढलं आणि त्याचा राग मनात धरून ती मोठी झाली. नांदेडला ट्रेनिंगला गेली तेव्हा तिथं एका प्राध्यापकांनी सांगितलं की मूल हातानं, डोळ्यानं शिकतं, नुसत्या तोंडानं नाही. हे तर अप्पांनी मला कधीच दाखवलंय, असं तिला वाटलं आणि ती फार सुखावली. आपण शाळेत गेलो की असंच शिकवायचं, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

बहात्तर साली टेंभुरखेडीला नेमणूक झाली, आणि बाई हौसेनं शाळेत आल्या तर शाळेत पोरंच नव्हती. दुष्काळ होता. अर्धं गाव तळ्याच्या कामावर गेलेलं, आईबाप खडी फोडायला आणि पोरं तिथं वाटतात ती सुकडी खायला. रिकाम्या खोलीत बसून बाईंना रडू यायला लागलं. मग त्यांनीच गुरुजींना विचारलं, मी तिकडं कामावर जाऊन शाळा घेऊ का? गुरुजी म्हणाले, जा, पण पाढे म्हणून घेत चला.

बाईंनी पाढे घेतले नाहीत. तिथं एका बाभळीखाली पंधरा-वीस पोरं जमायची, काहींच्या कडेवर धाकटी भावंडं. त्यात मलप्पाची थोरली पोरगी दानम्मा होती. कडेवर भाऊ घेऊन ही पोरगी बाभळीच्या सावलीवरून दिशा सांगायला शिकली. मुरमावर काडीनं तिनं सगळ्या तळ्याचा नकाशा काढला. कुठं भिंत, कुठं टँकर थांबतो, कुठून आपलं गाव. पाणी आलं तर आधी कुठं साचेल आणि कुठून निसटेल, तेही तिनं बोट ठेवून दाखवलं. बाईंना त्या रखरखाटात इतका आनंद झाला की घरी जाऊन त्यांनी वीरण्णांना तेच तेच तीनदा सांगितलं. वीरण्णा म्हणाले, “बरं झालं. आता जेव तरी.”

दुष्काळ सरला, पोरं शाळेत परतली, आणि परीक्षा आली.

टेंभुरखेडीत परीक्षा शाळेत होत नसे. खोल्या लहान, म्हणून तालुक्याचे साहेब आले की महादेवाच्या देवळात सभामंडपात बसायचे. पोरं एकेक करून पुढं यायची, साहेब विचारायचे आणि सगळं गाव भोवती बसून ऐकायचं. साहेब ‘शाब्बास’ म्हणाले की पोर पास. शाळेच्या कागदावर पुढं काहीही लिहिलेलं असो, गावाच्या लेखी देवळात जे झालं तेच खरं. त्या वर्षी साहेबांनी दानम्माला सतराचा पाढा विचारला. ती सतरा सक्कमला अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. साहेब ‘शाब्बास’ न म्हणताच दुसऱ्या पोराकडं वळले. मलप्पा उठला, पोरीचा हात धरला आणि देवळाबाहेर निघाला.

बाई त्याच्या मागं धावल्या. “अहो, तिला सगळं समजतं. हुशार आहे पोरगी.”

“समजतंय तर सांगंना कामून मग?” मलप्पा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखर विचारलं होतं.

दानम्मा परत शाळेत आली नाही. मधल्या पोरीला तर त्यानं शाळेत घातलंच नाही. दानम्माचं लग्न लवकर झालं, लोह्याच्या पलीकडच्या एका गावात दिली तिला. त्या वर्षीपासून बाईंच्या मनात एक सल राहिला. कुणाला सांगण्यासारखा नव्हता, कारण सांगायचा म्हटलं तर आपलं शिकवणंच चुकलं असं कबूल करावं लागलं असतं, आणि ते चुकलं होतं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. म्हणून तर जास्त चीड यायची.

आणि आता तिसरीत मलप्पाची शेंडेफळ आली होती. गंगम्मा. घरात-दारात गंगी.

गंगी दानम्मापेक्षाही पुढची. तिला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती विचारल्याशिवाय राहायची नाही. गुरुजींच्या ‘म्हणण्या’त ती ओठ हलवायची, पण डोळे भलतीकडंच असायचे. गुरुजी तिला हटकायचे. ती म्हणायची, “गुरुजी, म्हणून राहिले की.” आणि ओठ आणखी जोरात हलवायची.

नव्या जिल्ह्याचं पुस्तक नाही ना, मग आपण करू, असं म्हणून बाईंनी शाळेमागच्या अंगणात चुन्यानं मोठा जिल्हा आखायला घेतला. पोरांना सांगितलं, घरी विचारून या, तुमची आत्या कुठं, मामा कुठं, बहीण कुठं दिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण एकेक गाव घेऊन आला. कुणाचा मामा चाकूरला, कुणाची आत्या निलंग्याला. जिथं गाव तिथं एक दगड. अहमदपूरचा दगड सगळ्यात मोठा, कारण तो पोरांनी स्वतः ओढून आणला होता. लातूरचा त्याच्यापेक्षा लहान राहिला, पण पोरांची त्याला हरकत नव्हती. गंगीनं आपल्या थोरल्या बहिणीच्या, दानक्काच्या गावाचा दगड आणला आणि बघते तो बाईंची चुन्याची रेषा अलीकडंच संपलेली.

“बाई, दानक्का भाईर राहिली.”

“हो ग. ती नांदेड जिल्ह्यात.”

गंगीनं दगड रेषेबाहेर ठेवला. “पर मी येष्टीत बसून गेल्ते तवा रेषा दिसली न्हाई. कुठं हाय ती?”

बाई हसल्या. मग त्यांनी सगळ्या वर्गाला घेऊन रेषा म्हणजे काय, ती कोण काढतो, कुठं आणि कशासाठी, यावर सबंध दुपार घालवली. पोरं इतकी बोलत होती की पलीकडच्या खोलीतून गुरुजी दारात येऊन उभे राहिले. थोडं ऐकून परत गेले. शाळा सुटल्यावर मात्र त्यांनी बाईंना थांबवलं.

“बाई, एक विचारू? राग मानू नका.”

“तुम्ही विचारा. राग मी मानेनच.”

गुरुजी हसले. “तुमच्या या दगडांची परीक्षा कोण घेणार आहे?”

“परीक्षा नाही घेतली कुणी तर ते शिकलेले नाहीत का?”

“तसं नाही म्हणत मी. माझं ऐका. निजामाच्या वेळेला मी शाळेत होतो. सगळं उर्दूत. मास्तर काय बोलतात ते निम्मं कळायचं नाही. मी काय केलं? सबंध किताब पाठ केली. अलिफपासून शेवटापर्यंत. इम्तिहानात घडाघडा म्हणालो. समजलं काहीच नव्हतं, पण पास झालो म्हणून पुढं गेलो, पुढं गेलो म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. समजून घेत बसलो असतो तर आज कुणाच्या तरी शेतात असतो.”

“आणि समजलं कधी?”

“पुष्कळ वर्षांनी. पण तोंडात होतं म्हणून समजायला शिल्लक तरी राहिलं.” गुरुजींनी लिंबाकडं हात केला. “दुष्काळ आठवतो? दोन वर्षं पोरं खडीवर होती. परत आली तेव्हा लिहिणं विसरलेली, वाचणं विसरलेली. काय राहिलं होतं? पाढे. कारण ते गाण्यासारखे तोंडात होते. गरिबाच्या पोराकडं वही टिकत नाही, पाटी टिकत नाही, बाई. तोंड तेवढं त्याचं स्वतःचं असतं.”

हे बोलणं बाईंना नको तितकं पटलं. याचाच त्यांना संताप आला. एखादा माणूस मूर्ख असता तर त्याच्याशी भांडणं सोपं झालं असतं. दत्तोपंत मूर्ख नव्हते. पोरांना ते जीव लावायचे, कुणी आजारी पडलं तर स्वतः घरी जाऊन औषध द्यायचे. फक्त शिकणं म्हणजे म्हणणं, एवढी एकच गोष्ट त्यांनी कधीच सोडली नाही.

“तोंड त्याचं असेल गुरुजी, पण त्या तोंडात तुळजापूर लातुरात घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?” बाई म्हणाल्या.

“कुणी नाही,” गुरुजी म्हणाले. “पण मलप्पाच्या पोरीला चौथीत बसवायचंय ना तुम्हाला? मग बघा.”

गुरुजींनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कारण मलप्पानं शेतातल्या बांधावर उभं राहून दोघांनाही सांगून ठेवलं होतं: “साहेबापुढं गंगी बोलली तर चौथीत बसवतो. अडली तर मग शेळ्यामागं. थोरलीच्या वक्ताला लई लोक हसले, बाई. आता माझ्यानं पुन्हा न्हाई व्हायचं.” त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, पदर तोंडाला लावला होता. थोरलीची शाळा सुटली तेव्हाही तिनं पदरच तोंडाला लावला होता.

एप्रिल उजाडला. साहेब उद्या येणार असा निरोप आला. बाईंनी त्या दुपारी शाळा सुटताना गंगीला मागं थांबवलं.

आता जे झालं ते बाईंनी पुढं कुणाला सांगितलं नाही, वीरण्णांनाही नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि गंगीला समोर बसवलं.

“गंगे, गुरुजींच्या ओळी म्हण बघू जिल्ह्याच्या.”

“आपला जिल्हा लातूर हो लातूर,” गंगी म्हणाली आणि थांबली. “बाई, पुढं तुळजापूर येतंय. ते तर उस्मानाबादलाच राहिलं ना?”

“हो.”

“मग?”

दहा वर्षांपूर्वी देवळाबाहेर मलप्पानंही असंच ‘मग?’ विचारलं होतं. त्यांना गुरुजींचा राग आला, साहेबांचा आला, वेळेवर न येणाऱ्या पुस्तकाचा आला, मलप्पाचा आला. सगळ्यात जास्त आपलाच आला. पण दानम्माचा हात धरून मलप्पा उतरून गेला होता त्या देवळाच्या पायऱ्या त्यांना दिसत होत्या, आणि बाकी सगळ्यापेक्षा त्या जास्त खऱ्या होत्या.

“मग काही नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या तेवढं तसंच म्हणायचं.”

“चुकीचं?”

“साहेब विचारतील ते सांगायचं. त्यांना गुरुजींचं आवडतं.”

बाई अशा कधी बोलल्या नव्हत्या. गंगीनं हाताची घडी घातली, जशी सकाळच्या ‘म्हणण्या’त घालतात तशी, आणि सगळं म्हटलं. अडली की बाई पुढचा शब्द द्यायच्या. नळदुर्ग. मोठा. औसा. परत पहिल्यापासून. ऊन उतरेपर्यंत त्यांनी तेच केलं. शेवटी गंगी कुठंच अडेना. तेव्हा बाई म्हणाल्या, “जा आता, आई वाट बघत असेल,” आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळं गाव जमलं. साहेबांना दूध दिलं, नारळ दिला. साहेब तरुण होते, नव्या जिल्ह्यातले नवे, आणि त्यांच्या हातात काहीच कागद नव्हता याचं बाईंना बरं वाटलं. कदाचित हा माणूस बोलून बघेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. एवढी आशा त्यांना पुरली.

गंगीचा नंबर आला. ती मंडपाच्या मधोमध उभी राहिली. मलप्पा खांबाला टेकून उभा होता, बसला नव्हता.

“बाळ, आपल्या जिल्ह्याची माहिती सांग.”

गंगीनं हाताची घडी घातली. ‘आपला जिल्हा लातूर हो लातूर, तुळजापूर, तेर, परंडा...’ एका सुरात, कुठंही न थांबता. देवळातल्या बायांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. नळदुर्गाचा किल्ला आला, औसा आलं, नद्या आल्या, डोंगर आले. बाईंनी भोवती नजर फिरवली. समोर बसलेला सरपंच गेल्याच पौर्णिमेला तुळजापूरला जाऊन आला होता आणि येताना सगळ्या गावाला प्रसाद वाटला होता. तो मान डोलवत होता. कुणीतरी थांबवेल, कुणीतरी हसेल, निदान साहेब भुवई उंचावतील, म्हणून बाई वाट बघत राहिल्या. काही झालं नाही. गंगीनं शेवटची ओळ संपवली आणि हात सोडले.

“शाब्बास!” साहेब म्हणाले. “काय स्पष्ट उच्चार आहेत. गुरुजी, मेहनत दिसते हो तुमची.”

गुरुजींनी हात जोडले. मग बाईंकडं बोट दाखवून म्हणाले, “या वर्गाच्या बाई त्या.” दत्तोपंत अशा बाबतीत सरळ माणूस होते.

“वा, बाई,” साहेब म्हणाले.

मलप्पानं खांब सोडला आणि पुढं येऊन पोरीला उचललं. आठ-नऊ वर्षांची पोरगी, लाजून मेली. गुणाबाई रडत होती. बाहेर पडताना मलप्पा बाईंपाशी थांबला, “शरणार्थ, बाई,” असा नमस्कार केला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला. “तुमी म्हन्ले ते खरं निघालं. पोरीत डोकं हाय.” बाईंनी मान हलवली. फाट्यापर्यंत त्या एकट्याच चालत गेल्या, आणि एसटी येईपर्यंत इतक्या चिडलेल्या होत्या की कंडक्टरनं सुट्टे मागितले तर त्याच्यावरही खेकसल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंनी मनाची समजूत घातली. एक दिवस पोपटासारखं बोलली म्हणून काय झालं? पोरगी वाचली. चौथीत आली की परत चुना, परत दगड, परत प्रश्न. सगळं पहिल्यासारखं करू. नवं पुस्तकही येईलच आता. वीरण्णा म्हणाले, सुट्टीत तरी शाळा घरात आणू नकोस. पण बाई मनातल्या मनात गंगीशी बोलत होत्या, तिला सांगत होत्या, की ते एकदाच होतं, फक्त त्या दिवसापुरतं.

जूनमध्ये शाळा उघडली. चौथीत गंगी पहिल्या रांगेत बसली होती, नवा परकर, तेल लावून घट्ट वेण्या. बाईंना इतकं भरून आलं की हजेरी घेताना त्यांनी दोन नावं गाळली. मग सगळ्यांना अंगणात नेलं. उन्हापावसानं चुन्याची रेषा पुसट झाली होती, पण दगड जागेवर होते. दानक्काचा दगडही रेषेबाहेर तसाच पडून होता.

“चला,” बाई म्हणाल्या, “सोपं विचारते. गंगे, तुझ्या दानक्काचं गाव इथून कुठल्या दिशेला?”

गेल्या वर्षी या पोरीनं विचारायच्या आधीच हात करून दाखवलं असतं. गंगी उठली. तिनं हाताची घडी घातली. दगडाकडं बघितलं नाही, सूर्याकडं बघितलं नाही, बाईंच्या तोंडाकडं बघितलं.

“बाई, खरं सांगू, का साहेबाला सांगायचं सांगू?”

एकही पोर हसलं नाही. सगळी वाट बघत होती, त्यांनाही हे माहीत करून घ्यायचं होतं.

“खरं सांग,” बाई कशाबशा म्हणाल्या. “खरंच सांगायचं असतं, गंगे.”

गंगीनं थोडा विचार केला. तिला बाईंना दुखवायचं नव्हतं. आणि चौथीची परीक्षा काही तिला चुकणार नव्हती. तिचा बाप पुन्हा खांबाला टेकून उभा राहणार होता.

“तसं नगं, बाई,” ती समजुतीनं म्हणाली. “तुमी दोनी सांगा. मी दोनी पाठ करते.”